साखरेचा ट्रस्ट : अमेरिकेतील शुद्धीकरण-मक्तेदारीचा उदय आणि ऱ्हास

अमेरिकेतील औद्योगिक मक्तेदारीचा विषय निघाला की रॉकफेलर आणि त्यांची स्टँडर्ड ऑइल कंपनी यांचा उल्लेख हमखास होतो. वाणिज्य आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या वर्गांत हेच उदाहरण दिले जाते. साखरेच्या ट्रस्टच्या वाट्याला मात्र एखाददुसरे वाक्यच येते. वास्तविक १८९२ साली अमेरिकेतील साखर शुद्धीकरणाच्या एकूण क्षमतेपैकी सुमारे ९८ टक्के क्षमता एकाच कंपनीच्या हाती होती. तेलाच्या धंद्यातही एवढा हिस्सा कोणाला लाभला नव्हता. पुढच्या तीस वर्षांत हाच हिस्सा चौथाईच्या आसपास आला. ही मक्तेदारी सरकारने मोडली असा सर्वसाधारण समज आहे. घटनाक्रम नीट पाहिला तर हा समज टिकत नाही. न्यायालयाने या मक्तेदारीला एकदा शिक्षा केली, एकदा अभय दिले आणि अखेरीस, ती जवळजवळ संपल्यावर, तिच्याशी तडजोड केली. तिला खरा सुरुंग लागला तो तिच्याच नफ्याच्या फटीत. ही फट कशी निर्माण झाली, तिच्यावर कोण जगले आणि तिच्यातून कोण आत शिरले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शुद्धीकरणाचा धंदा

साखर पांढरी करण्याची कला जुनी आहे. संस्कृत 'शर्करा' फारसीत 'शकर' झाली, अरबीत 'सुक्कर' झाली आणि तेथून युरोपच्या भाषांत पोहोचली. 'खंड' या शब्दाचा अरबी-फारसीत 'कंद' झाला. उर्दूतील 'मिसरी' (मराठीतील दात घासण्याची मिश्री नव्हे) आजही मिस्र देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, खडीसाखरेची आठवण सांगते. मात्र एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन रिफायनरी ही त्या जुन्या कारखान्यांहून अगदी वेगळी वस्तू होती. तिचा उसाशी थेट संबंध नव्हता. ऊस पिकत होता क्यूबात, वेस्ट इंडीज बेटांत, हवाईत, जावात. तेथेच तो गाळून त्याची तपकिरी, ओलसर कच्ची साखर बनवली जाई आणि ती जहाजाने न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया किंवा बोस्टनच्या धक्क्यावर येई. रिफायनरी ही साखर पाण्यात विरघळवी, हाडांच्या कोळशातून गाळून तिचा रंग काढी, निर्वात कढईत तो पाक आटवी आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून मळी वेगळी करी. शंभर पौंड पांढऱ्या साखरेसाठी सुमारे १०७ पौंड कच्ची साखर लागे. (या हाडांच्या कोळशाचा पुढे आपल्याकडेही गाजावाजा झाला. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत विदेशी साखरेवर बहिष्कार घालताना हेच कारण पुढे केले गेले. अर्थात हिंदुस्थानात येणारी साखर जावा, मॉरिशस आणि मध्य युरोपातली होती, अमेरिकेची नव्हे.)

या धंद्यात नफ्याचा हिशोब एका आकड्यावर चाले : कच्च्या साखरेचा भाव आणि पांढऱ्या साखरेचा भाव यांतील अंतर. कारखाना चालवण्याचा खर्च, पाकात जाणारी तूट आणि मालकाचा नफा हे सारे याच अंतरातून निघायचे. इंधन, मजुरी आणि तूट धरून पौंडामागे अर्धा सेंट किंवा त्याहून थोडा अधिक खर्च येई, असे त्या काळचे जाणकार सांगत. हे अंतर म्हणजेच वर उल्लेखिलेली फट. पुढची सगळी कथा या सेंटाच्या अपूर्णांकांची आहे आणि वाचकाने त्यांना कंटाळून चालणार नाही.

मराठीत 'जकात' म्हणजे व्यापारी मालावरचा कर. उर्दू वाचकाच्या मनात हाच शब्द वेगळा अर्थ जागवतो. घोटाळा टाळण्यासाठी येथे 'आयातकर' हा शब्द वापरला आहे. १८८३ च्या अमेरिकन कायद्यात पांढऱ्या साखरेवर पौंडाला साडेतीन सेंट आयातकर होता. ९६ अंश शुद्धतेच्या कच्च्या साखरेवर तो २.२४ सेंट होता. एक पौंड पांढऱ्या साखरेला लागणाऱ्या कच्च्या मालावरील कराचा हिशोब केला तर तो सुमारे २.४० सेंट भरतो. उरलेले १.१० सेंट म्हणजे अमेरिकन रिफायनरीला परदेशी रिफायनरीपासून मिळालेले निव्वळ संरक्षण. इंग्लंड-जर्मनीतील पांढरी साखर न्यूयॉर्कला विकायची तर तेवढा भार सोसावा लागे. परंतु देशातील रिफायनरी मालक एकमेकांशी झगडत होते, त्यामुळे या संरक्षणाचा पुरा लाभ कोणालाच मिळत नव्हता. १८८७ मध्ये कच्च्या आणि पांढऱ्या साखरेच्या भावातील अंतर पाऊण सेंटच्या आसपास होते. हे भांडण थांबले तर काय होईल, हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती.

ट्रस्टची स्थापना

ज्याला ते सर्वांआधी आणि सर्वांहून स्पष्ट कळले तो हेन्री ऑस्बोर्न हॅवमायर (१८४७–१९०७). हॅवमायर घराणे मूळ जर्मनीचे. हेन्रीच्या आजोबांच्या पिढीतील दोघे भाऊ लंडनमध्ये साखर उकळण्याचा धंदा शिकून एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर न्यूयॉर्कला आले. १८५० च्या दशकात घराण्याने ईस्ट नदीच्या काठी, ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात मोठी रिफायनरी उभारली. १८८२ च्या जानेवारीत ती जळून खाक झाली. तिच्या जागी दोन-अडीच वर्षांत उभी राहिलेली नवी इमारत त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या रिफायनरींपैकी एक होती. एवढा मोठा कारखाना अर्ध्या क्षमतेवर चालवणे परवडत नाही. तो पूर्ण क्षमतेने चालवला तर बाजारात माल जास्त होतो आणि भाव पडतो. लहान मालक या कात्रीत सापडून बुडत होते, आणि मोठे मालकही सुखी नव्हते.

१८८२ मध्ये स्टँडर्ड ऑइलने वाट दाखवली होती. निरनिराळ्या कंपन्यांच्या भागधारकांनी आपले भाग एका विश्वस्त मंडळाकडे सोपवायचे आणि त्याबदली विश्वस्तपत्रे घ्यायची. कंपन्या कागदावर स्वतंत्र, कारभार एकच. जॉन पार्सन्स या वकिलाने त्याच धर्तीवर करारनामा तयार केला आणि ऑगस्ट १८८७ मध्ये 'शुगर रिफायनरीज कंपनी' अस्तित्वात आली. लोकांच्या तोंडी तिचे नाव 'शुगर ट्रस्ट' असेच राहिले. सतरा कंपन्या तिच्यात सामील झाल्या. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील शुद्धीकरण क्षमतेचा फार मोठा हिस्सा त्यामुळे एका टेबलावर आला.

विश्वस्तांनी पहिले काम केले ते कारखाने बंद करण्याचे. सामील झालेल्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे थोड्याच काळात थंड झाले. त्यांचे यंत्रसामान मोडले किंवा दुसरीकडे हलवले गेले. हे कारखाने चालवणे तोट्याचे होते म्हणून ते बंद झाले, असे समर्थन करण्यात आले आणि काही कारखान्यांच्या बाबतीत ते खरेही होते. परंतु त्या कारखान्यांतील जर्मन आणि आयरिश मजुरांना कोणी विश्वस्तपत्रे दिली नव्हती. भावातील अंतर १८८७ च्या पाऊण सेंटवरून १८८८ मध्ये सव्वा सेंटवर गेले. पौंडामागे अर्धा सेंट ही वाढ घरगुती गिऱ्हाइकाला जाणवेल न जाणवेल. पण ट्रस्ट वर्षाला कोट्यवधी पौंड साखर विकत होता. आयातकराने बांधलेल्या १.१० सेंटच्या भिंतीचा पुरा उपयोग आता होऊ लागला होता.

पहिला खटला आणि न्यू जर्सीचे दार

न्यूयॉर्क राज्याने नॉर्थ रिव्हर शुगर रिफायनिंग कंपनीविरुद्ध दावा लावला. ही ट्रस्टमध्ये सामील होऊन बंद पडलेल्या कारखान्यांपैकी एक. सरकारचा मुद्दा साधा होता : राज्याने या कंपनीला स्वतंत्रपणे धंदा करण्यासाठी सनद दिली होती आणि तिने आपले स्वातंत्र्य दुसऱ्याच्या हाती दिले. न्यायमूर्ती बॅरेट यांनी १८८९ मध्ये कंपनीविरुद्ध निकाल दिला. जून १८९० मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. कंपनीची सनद रद्द झाली आणि ट्रस्टचा करार निरुपयोगी ठरला.

परंतु शेजारच्या न्यू जर्सी राज्याने एका कंपनीला दुसऱ्या कंपन्यांचे भाग धारण करण्याची मुभा देणारे कायदे नुकतेच केले होते. जानेवारी १८९१ मध्ये तेथे 'अमेरिकन शुगर रिफायनिंग कंपनी' नोंदली गेली. माणसे तीच, कारखाने तेच, आधीच्या विश्वस्तपत्रांच्या जागी आता कंपनीचे भाग. पहिल्या शिक्षेतून मक्तेदारीला अधिक मजबूत कायदेशीर रूप मिळाले, असेच म्हणावे लागते. एका राज्याने बंद केलेले दार दुसऱ्या राज्याने सनद शुल्काच्या मोबदल्यात उघडले होते.

स्प्रेकल्स आणि फिलाडेल्फिया

याच सुमारास ट्रस्टला पहिला तुल्यबळ विरोधक भेटला. क्लॉस स्प्रेकल्स हाही जर्मनीहून रिकाम्या हाताने आलेला माणूस. कॅलिफोर्नियात रिफायनरी आणि हवाईत उसाचे मळे असलेला तो पश्चिम किनाऱ्याचा साखरसम्राट होता. ट्रस्टने सॅन फ्रान्सिस्कोतील त्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्याला आपल्यात सामावून घेतले, तेव्हा स्प्रेकल्सने उलट तीन हजार मैल पूर्वेला येऊन फिलाडेल्फियात भव्य रिफायनरी उभारली. ती १८८९ च्या अखेरीस सुरू झाली आणि १८९० मध्ये भावातील अंतर पुन्हा पाऊण सेंटच्या खाली घसरले. जनतेने स्प्रेकल्सला मक्तेदारीचा काळ मानले. पण तो व्यापारी होता, सुधारक नव्हता. योग्य किंमत येताच १८९२ मध्ये त्याने फिलाडेल्फियाचा कारखाना अमेरिकन कंपनीला विकला. त्याच सुमारास त्याच शहरातील ई. सी. नाइट, फ्रँकलिन आणि डेलावेअर या तीन कंपन्याही तिने घेतल्या. आता बाहेर राहिली ती बोस्टनची रिव्हिअर ही छोटी रिफायनरी, क्षमता दोन टक्के. १८९३ मध्ये भावातील अंतर पुन्हा एका सेंटच्या बरेच वर होते.

या खरेदीविरुद्ध केंद्र सरकारने १८९० च्या शर्मन कायद्याखाली दावा केला. निकाल २१ जानेवारी १८९५ रोजी लागला. नऊपैकी आठ न्यायाधीश कंपनीच्या बाजूने होते. सरन्यायाधीश मेलविल फुलर यांनी मांडलेला युक्तिवाद असा की वस्तू तयार करणे वेगळे आणि तिचा व्यापार करणे वेगळे. केंद्राचा अधिकार राज्याराज्यांतील व्यापारावर आहे. निर्मितीवरील मक्तेदारीचा परिणाम व्यापारावर झाला तरी तो अप्रत्यक्ष आहे. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवले. विकण्यासाठीच तयार केलेल्या मालाची निर्मिती संपूर्णपणे एका हाती गेली, तर व्यापार मोकळा राहिला असे म्हणण्यात अर्थ नाही, हा त्यांचा आशय. हा निकाल शिकवताना बहुधा न्यायाधीशांना दोष दिला जातो. पण सरकारी वकिलांनी दावाही ढिलाईने मांडला होता. साखर राज्याराज्यांत कशी विकली जाते आणि भाव कोण ठरवतो याचा पुरावा त्यांनी समोर आणलाच नाही. तो पुरावा घाऊक किराणा व्यापाऱ्यांकडे सहज मिळाला असता. कंपनीने ठरवलेल्या भावाखाली न विकणाऱ्या व्यापाऱ्याला सूट देण्याची पद्धत उघडपणे चालू होती.

निकालानंतर वर्षभराने, २६ मे १८९६ रोजी, चार्ल्स डाऊ यांनी औद्योगिक शेअरांचा आपला प्रसिद्ध निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यातील बारा कंपन्यांत अमेरिकन शुगर होती.

आयातकराचे राजकारण

न्यायालयाहून कंपनीला अधिक काळजी होती ती काँग्रेसची. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने कच्ची साखर करमुक्त केली आणि पांढऱ्या साखरेवर पौंडाला अर्धा सेंट कर ठेवला. देशातील ऊस व बीट उत्पादकांना त्याबदली पौंडाला दोन सेंट बक्षिसी मिळाली. या एका कायद्याने हवाईच्या मळेवाल्यांची जुनी सवलत निरर्थक झाली. १८९३ मध्ये तेथील राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत करणाऱ्या उठावामागे हे एक कारण होते. १८९४ च्या विल्सन-गॉर्मन कायद्यात कच्च्या साखरेवर पुन्हा किंमतीच्या चाळीस टक्के कर बसला आणि पांढऱ्या साखरेसाठी एक-अष्टमांश सेंट जादा ठेवण्यात आला. हा अष्टमांश कसा आला, यावर मोठा गदारोळ झाला. विधेयकावर मतदान करणारे सिनेटरच साखरेच्या शेअरांत सट्टा खेळत होते असे आरोप झाले आणि चौकशी समिती नेमली गेली. हॅवमायरने समितीपुढे शांतपणे सांगितले की कंपनी ज्या राज्यात जो पक्ष प्रबळ असेल त्याला देणगी देते. रक्कम मात्र सांगायला त्याने नकार दिला. त्याबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला आणि १८९७ मध्ये तो सुटला.

१८९७ च्या डिंग्ली कायद्यात पांढऱ्या साखरेवर १.९५ सेंट आणि ९६ अंशी कच्च्या साखरेवर १.६८५ सेंट कर होता. वरचाच हिशोब येथे लावला तर निव्वळ संरक्षण जेमतेम एक-सप्तमांश सेंट उरते. १८८३ ची १.१० सेंटची भिंत चौदा वर्षांत कमरेखाली आली होती. १८९९ मध्ये हॅवमायरने औद्योगिक आयोगापुढे आयातकराचा कायदा हीच सर्व ट्रस्टांची जननी असल्याचे सांगितले. हे वाक्य पुढे मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते मोठ्या आवडीने वापरू लागले. पण ते एका तक्रारदाराचे वाक्य होते. इतर उद्योगांना संरक्षण भरपूर मिळते आणि साखरेला फारच कमी, अशी त्याची व्यथा होती. म्हणून ते खोटे ठरत नाही. बोलणाऱ्याला आपल्या धंद्याचे मूळ पक्के ठाऊक होते.

आर्बकल, बीट आणि पिता-पुत्र

भिंत खाली येत असताना घरातल्या घरात नवे प्रतिस्पर्धी उभे राहिले. जॉन आर्बकल हा भाजलेल्या कॉफीचा सर्वांत मोठा व्यापारी. कॉफी पुड्यांत भरणारे यंत्र त्याच्याकडे होते आणि त्याच यंत्रावर तो साखरेच्या दोन-दोन पौंडांच्या पुड्या बांधून विकू लागला. साखर अर्थातच हॅवमायरकडून घ्यावी लागे. पुड्यांच्या धंद्यावरून दोघांचे बिनसले आणि आर्बकलने स्वतःची रिफायनरी उभारली, तीही ब्रुकलिनमध्येच. उत्तर म्हणून हॅवमायरने ओहायोतील वूलसन स्पाइस कंपनी विकत घेऊन कॉफीचा भाव पाडायला सुरुवात केली. १८९८ मध्ये आर्बकलचा आणि डोशर नावाच्या आणखी एका रिफायनरी मालकाचा कारखाना सुरू झाला. १८९९ मध्ये भावातील अंतर अर्ध्या सेंटवर आले. म्हणजे नफा शून्य किंवा उणा. दोन्ही बाजूंनी लाखो डॉलर गमावल्यावर १९०१ च्या सुमारास भांडण निवळले. डोशरसह तीन कंपन्या मिळून १९०० मध्ये नॅशनल शुगर रिफायनिंग कंपनी बनली आणि तिच्यात हॅवमायरच्या गटाने मोठा वाटा मिळवला. आर्बकल मात्र विकला गेला नाही. तो धंद्यात राहिला, आणि तेच पुरेसे होते.

दर वेळी घडत होते ते हेच. भावातील अंतर वाढले की कोणीतरी नवा कारखाना उभारी, कारण साखर शुद्ध करण्याचे तंत्र गुप्त नव्हते आणि कच्ची साखर कोणालाही विकत मिळत होती. रॉकफेलरकडे तेलवाहिन्या होत्या. हॅवमायरकडे तसे काहीच नव्हते. मग नव्या कारखान्याला विकत घ्यायचे आणि त्याची किंमत पुन्हा गिऱ्हाइकाकडून काढायची. म्हणजे अंतर वाढवायचे. म्हणजे आणखी एक कारखाना. काहींनी तर विकण्यासाठीच कारखाने बांधले. फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया शुगर रिफायनिंग कंपनी सुरू होण्याआधीच अमेरिकन कंपनीने मध्यस्थामार्फत कर्ज देऊन ताब्यात घेतली आणि बंद ठेवली. पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. १९०९ मध्ये वीस लाख डॉलरांहून अधिक देऊन ते मिटवावे लागले.

यापेक्षा खोल बदल बीटाने घडवला. १८९७ नंतर मिशिगन, कोलोरॅडो, युटा, कॅलिफोर्निया येथे बीट साखरेचे कारखाने झपाट्याने वाढले. बीटाचा कारखाना शेतातल्या कंदापासून थेट पांढरी साखर बनवतो. त्याला धक्क्यावरच्या रिफायनरीची गरजच नसते. ज्या अरुंद खिंडीतून सारी साखर जात होती आणि जिच्या तोंडाशी हॅवमायर बसला होता, तिला आता शेकडो मैल आत दुसरी वाट फुटली. अमेरिकन कंपनीने ग्रेट वेस्टर्न, युटा-आयडाहो, मिशिगन यांसारख्या बीट कंपन्यांत भाग घेतले खरे. परंतु शेतकऱ्यांच्या भरवशावर, दहा राज्यांत विखुरलेला उद्योग न्यूयॉर्कमधून आवळून धरणे अशक्य होते. उरलेली कसर क्लॉस स्प्रेकल्सच्या मुलाने भरून काढली. बापाने ट्रस्टला कारखाना विकला होता. मुलगा क्लॉस ऑगस्ट याने योंकर्स येथे फेडरल शुगर रिफायनिंग कंपनी उभी केली आणि तो ट्रस्टचा हट्टी टीकाकार बनून राहिला.

सतरा काटे

२० नोव्हेंबर १९०७ रोजी रिचर्ड पार हा सरकारी अधिकारी विल्यम्सबर्गच्या धक्क्यावर गेला. जहाजातून उतरणारी कच्ची साखर तेथे सरकारी वजनदारांसमोर काट्यावर तोलली जाई आणि त्या वजनावर आयातकर आकारला जाई. काट्याशेजारी कंपनीचा माणूस बसे. त्याच्या हाताशी असलेल्या छिद्रातून एक पोलादी स्प्रिंग आत सरकवली की तुळईवर दाब येऊन वजन कमी भरे. धक्क्यावर सतरा काटे होते आणि सतराही ठिकाणी ही सोय आढळली. (ट्रस्टमध्ये सामील झालेल्या कंपन्याही सतराच होत्या, हा निव्वळ योगायोग.) मळेवाल्याकडून खरेदी करताना हीच साखर बरोबर वजनाने घेतली जाई. त्यामुळे कंपनीची खरेदीवही आणि सरकारची करवही शेजारी ठेवली तेव्हा लबाडी आकड्यांतच दिसली. हॅवमायर याच दिवसांत आजारी पडला आणि ४ डिसेंबर १९०७ रोजी मरण पावला. त्याला या प्रकाराची माहिती किती होती हे न्यायालयात कधी ठरले नाही.

खटला चालवला हेन्री स्टिमसन यांनी, जे पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे युद्धमंत्री होते. १९०९ मध्ये कंपनीने दंड आणि थकीत आयातकर मिळून वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरली. तिचा चिटणीस चार्ल्स हाइक आणि धक्क्यावरचे कर्मचारी दोषी ठरले. आर्बकललाही थकीत कर भरावा लागला. म्हणजे मक्तेदारीशी लढणाऱ्याच्या धक्क्यावरचे वजनही सरळ नव्हते.

आयातकराच्या फरकावर उभी राहिलेली कंपनी त्याच करासाठीच्या काट्यावर सापडली, हे तत्कालीन व्यंगचित्रकारांना फार आवडले. परंतु त्यांत गंभीर अर्थही आहे. कायद्यातील संरक्षण अष्टमांश सेंटवर आल्यावर प्रत्येक पोत्यामागे काही पौंड चोरणे हा काही किरकोळ मामला राहत नाही. वरच्या मजल्यावर वॉशिंग्टनमध्ये जे मिळेनासे झाले, ते खालच्या मजल्यावर स्प्रिंगने मिळवले जात होते.

उशिराचा खटला

२८ नोव्हेंबर १९१० रोजी केंद्र सरकारने कंपनी फोडण्यासाठी दावा दाखल केला. १९११ मध्ये काँग्रेसच्या हार्डविक समितीने साखर उद्योगाची चौकशी केली आणि तिच्या साक्षींमुळे वर आलेले बरेचसे आकडे प्रथमच जगापुढे आले. खटला रेंगाळला, मध्ये महायुद्ध आले. १९२२ मध्ये तो संमतीच्या हुकूमनाम्याने मिटला. तोपर्यंत अमेरिकन कंपनीने आपले बीट कंपन्यांतील आणि नॅशनलमधील बहुतेक भाग विकले होते आणि तिचा बाजारातील वाटा चौथाईच्या जवळ आला होता. फोडण्यासारखे फारसे उरले नव्हते.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कंपनी 'डोमिनो' या छापाने ओळखली जाऊ लागली. १९७० मध्ये तिने अ‍ॅमस्टार हे नाव घेतले. १९८० च्या दशकात आयातीवरील कोट्यामुळे धक्क्यावरच्या रिफायनरींना कच्ची साखर मिळेनाशी झाली आणि मक्याच्या गोड पाकाने थंड पेयांचा बाजार काबीज केला. १९८४ पर्यंत दोन्ही मोठ्या कोला कंपन्या अमेरिकेत साखर सोडून मक्याकडे वळल्या होत्या. १९८८ मध्ये इंग्लंडच्या टेट अँड लाइल कंपनीने जुना ट्रस्ट विकत घेतला. २००१ मध्ये तो फ्लोरिडातील मळेवाल्यांच्या गटाकडे गेला आणि त्यात ऊस उत्पादकांची एक सहकारी संस्था भागीदार होती. प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांनीच कारखान्याचे मालक व्हावे या विचाराने पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तो इतिहास जाणणाऱ्या वाचकाला या व्यवहारात ओळखीचे काहीतरी दिसेल. फरक एवढाच की फ्लोरिडातील भागीदार लहान शेतकरी नव्हते. २०१० मध्ये याच गटाने टेट अँड लाइलचा लंडनमधील साखर शुद्धीकरणाचा धंदाही घेतला.

विल्यम्सबर्गच्या कारखान्यात जून १९९९ पासून वीस महिने संप चालला. अनेक कामगार त्यात वयाने आणि कर्जाने थकले. २००४ च्या जानेवारीत कारखाना बंद झाला आणि शुद्धीकरणाचे काम योंकर्स येथे चालू राहिले. २००७ मध्ये मुख्य इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. भोवतीच्या जागेत उंच निवासी मनोरे आले, २०१८ मध्ये नदीकाठी बाग झाली आणि २०२३ मध्ये विटांच्या जुन्या भिंतींच्या आत काचेची नवी कार्यालये उघडली. हॅवमायर पती-पत्नींनी साखरेच्या पैशातून जमवलेली चित्रे १९२९ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. ज्या धक्क्यावर सतरा काटे होते, तेथे आज बागेतले लोक संध्याकाळी नदी पाहत बसतात.